पाटी लावलेली होती

२०१७ साली एका प्रोग्रॅमरने एक नवं साधन वापरून पाहायला घेतलं. मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल स्टुडिओ कोड. कोड लिहिण्यासाठीचं हे फुकट साधन तेव्हा जेमतेम दोन वर्षांचं होतं आणि सगळीकडे त्याचं कौतुक चाललं होतं. त्याने आपलं तीन महिन्यांचं काम असलेलं फोल्डर त्यात उघडलं. बाजूच्या पट्टीत हजारो ‘बदल’ दिसायला लागले, पाच हजारांच्या आसपास. त्याने ‘डिस्कार्ड’ हा पर्याय दाबला. एक पेटी उघडली: सगळे बदल टाकून द्यायचे आहेत याची खात्री आहे का, हे उलटवता येणार नाही. त्याने हो म्हटलं. पाच हजार फायली गेल्या. रीसायकल बिनमध्येही गेल्या नाहीत, थेट पुसल्या गेल्या. दुसरी प्रत नव्हती.

मग त्याने हे साधन बनवणाऱ्यांना उद्देशून तक्रार लिहिली. मोठ्या अक्षरांत, शिव्यांसकट. ती जगभर फिरली. बहुतेकांनी ती विनोद म्हणून वाचली आणि एकमेकांना पाठवली. ‘बॅकअप न घेणाऱ्याचं काय होतं’ याचं उदाहरण म्हणून ती अजूनही दाखवली जाते.

मला ती कधीच विनोदी वाटली नाही. मी बोईसरला हिशेबाच्या आणि पगाराच्या सॉफ्टवेअरचा सपोर्ट बघते. अशा तक्रारींना उत्तरं लिहिणं हे माझं रोजचं काम आहे. माझ्या दृष्टीने या प्रकरणात चार मजकूर आहेत: बटणावरचा शब्द, पेटीतलं वाक्य, माणसाची तक्रार आणि तिला मिळालेलं उत्तर. चारही मिळून पानभर भरणार नाहीत. पण कवितेच्या चार ओळी जशा शब्द धरून वाचतो तसे हे वाचले, तर कोण कुठे चुकलं याचं चित्र बरंच बदलतं.

*

आधी बटण. त्याच्या मागे काय घडतं ते थोडक्यात सांगायला हवं. प्रोग्रॅमर मंडळी आपल्या कामाच्या नोंदी ठेवायला गिट नावाची व्यवस्था वापरतात. लिनस टोरवाल्ड्सने ती २००५ साली लिहिली. गिट हा एक कारकून आहे असं समजा. तुम्ही सांगाल तेव्हा तो फोल्डरची आजची स्थिती वहीत उतरवून घेतो. नंतर काही बिघडलं तर वहीतल्या नोंदीप्रमाणे फोल्डर पुन्हा लावून देतो. ‘बदल’ म्हणजे वहीतली शेवटची नोंद आणि आत्ताचं फोल्डर यांतला फरक.

आता ज्या फोल्डरची वहीत एकही नोंद नाही तिथे काय होईल? कारकुनाच्या लेखी आधी काहीच नव्हतं. म्हणून आज जे आहे ते सगळंच ‘बदल’. आणि बदल टाकून द्या म्हटलं की फोल्डर पुन्हा नोंदीसारखं करायचं, म्हणजे रिकामं. कारकुनाच्या तर्कात एकही चूक नाही.

त्या माणसाचा तर्कही पाहा. त्याच्या फायली तीन महिन्यांपासून तिथेच होत्या. त्यांत त्याने त्या दिवशी काहीच बदललं नव्हतं. साधन आत्ता उघडलं आणि ते म्हणतं, पाच हजार बदल आहेत. म्हणजे हे बदल साधनाचेच असणार. ते नकोत म्हटलं की सगळं होतं तसं राहील. रोजच्या भाषेत ‘बदल नकोत’ याचा अर्थ ‘जसं आहे तसं राहू दे’ असाच होतो. घर भाड्याने देताना मालक ‘काही बदल नकोत’ म्हणाला, तर भाडेकरू घर पाडत नाही.

मराठीत हा पेच आणखी स्पष्ट दिसतो, कारण आपल्याकडे दोन क्रियापदं आहेत. ‘सोडून दे’ आणि ‘टाकून दे’. ‘तो विषय सोडून दे’ म्हणजे त्याकडे लक्ष देऊ नकोस, विषय तिथेच राहील. ‘ती भाजी टाकून दे’ म्हणजे ती कचऱ्यात गेली. डिस्कार्ड दाबणाऱ्याच्या मनात ‘सोडून दे’ होतं आणि यंत्राने ‘टाकून दे’ केलं. पाच हजार फायली या दोन क्रियापदांच्या मधल्या फटीत पडल्या.

मराठीतून फोन वापरणाऱ्यांना अशा फटी नव्या नाहीत. ‘कॅन्सल’साठी ‘रद्द करा’ हा शब्द आता रूढ झाला आहे. एरवी तो चालतो. पण ‘तिकीट रद्द करायचे आहे का?’ या प्रश्नाखाली ‘रद्द करा’ आणि ‘ठीक आहे’ अशी दोन बटणं आली, की शहाण्यासुरत्या माणसाचा अंगठा हवेत थांबतो. रद्द काय करायचं, तिकीट की रद्द करणं? भाषांतर करणाऱ्याने प्रत्येक शब्द बरोबर लावलेला असतो. फक्त ते शब्द एकाच पेटीत शेजारी येतील तेव्हा काय होईल हे पाहायला कोणी बसलेलं नसतं.

*

आता पेटीतलं वाक्य. साधन बनवणाऱ्यांच्या बाजूने बोलणारे याच वाक्याकडे बोट दाखवतात. विचारलं होतं ना? उलटवता येणार नाही असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं ना? तरी हो म्हणाला.

ते वाक्य नीट वाचा. ते विचारतं: तुम्हाला खात्री आहे का? हा प्रश्न माणसाच्या मनःस्थितीबद्दल आहे. फायलींचं काय होणार याबद्दल त्यात अक्षर नाही. ‘फायली’ हा शब्द नाही, ‘पुसल्या जातील’ नाही, किती ते नाही. त्या माणसाला खात्री होतीच. बदल नकोत याची त्याला पूर्ण खात्री होती. त्याने खरं उत्तर दिलं.

असं वाक्य लिहिलं का जातं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आपण पाट्यांच्या प्रदेशात राहतो. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ ‘वाहने स्वतःच्या जबाबदारीवर लावावीत.’ ‘सामानाची काळजी स्वतः घ्यावी.’ या पाट्या गिऱ्हाइकाला काही कळावं म्हणून लावत नाहीत. नंतर भांडण झालं तर दाखवायला लावतात. वाचणारा आणि लावणारा यांच्यात भविष्यात होणाऱ्या वादातला तो एक पुरावा असतो, आगाऊ तयार करून भिंतीवर टांगलेला. ‘खात्री आहे का?’ ही पेटी त्याच कुळातली. तिला मिळणारं ‘हो’ म्हणजे पोचपावती.

अशा पेट्यांचा दुसरा दोष फार आधी दाखवून दिला गेला आहे. ॲपलच्या मॅकिंटॉश प्रकल्पाची सुरुवात करणाऱ्या जेफ रास्किन यांनी २००० साली ‘द ह्युमेन इंटरफेस’ या पुस्तकात मांडलं होतं की जो प्रश्न दरवेळी विचारला जातो आणि ज्याचं उत्तर जवळपास दरवेळी ‘हो’ असतं, ते ‘हो’ लवकरच त्या कृतीचाच भाग बनून जातं. हात आपोआप दोनदा दाबतो. इशारा आणखी मोठ्या अक्षरांत लिहून हे सुटत नाही. केलेलं उलटवण्याची सोय द्यायला हवी.

*

इथे मला माझं एक उत्तर काढून दाखवलं पाहिजे, कारण दुसऱ्याच्या उत्तरांवर बोलायचा हक्क फुकट मिळत नाही.

पाम हे गाव बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीला लागून आहे. तिथले एक गृहस्थ कारखान्यांना कंत्राटी कामगार पुरवतात. साठेक माणसं. हजेरी, ओव्हरटाइम, भविष्यनिर्वाह निधीची कपात असं सगळं ते आम्ही पुरवतो त्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवत. एका फेब्रुवारीत त्यांच्या हातून एका जुन्या कामगाराची नोंद पुसली गेली. त्यांच्याकडे दिवाळीत घेतलेला बॅकअप पेन ड्राइव्हवर होता. त्यांनी तो लावला आणि ‘रिस्टोअर’ दाबलं. पेटी आली: आहे तो डेटा ओव्हरराइट होईल, पुढे जायचं? इंग्रजीत. त्यांनी हो म्हटलं. पुसलेला कामगार परत आला. दिवाळीनंतरचे सगळे महिने गेले.

त्यांचा मेल आला तो मोठ्या अक्षरांतच होता. मी उत्तर पाठवलं. आमच्याकडे तयार मसुदा असतो, त्यात मी फक्त त्यांचं नाव घातलं. तीन वाक्यं होती. ‘आपण सूचना स्वीकारल्यानंतरच प्रक्रिया पूर्ण झालेली आहे. बॅकअप घेण्याची जबाबदारी वापरकर्त्याची असते. झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’

दुपारी ते स्वतः ऑफिसात आले. महिन्याची चार तारीख होती. सात तारखेच्या आत पगार द्यायचा असतो, पंधरा तारखेच्या आत निधीचा भरणा. ते बराच वेळ ओरडत होते. त्यातलं एक वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. ‘मॅडम, मी परत आण म्हटलं होतं. पूस म्हटलं नव्हतं.’

मी आजवर वाचलेल्या तक्रारींत इतकी नेमकी तक्रार दुसरी नाही. ‘रिस्टोअर’चा अर्थ त्यांनी ‘हरवलेलं परत आण’ असा घेतला, आणि तो शब्दाचा सरळ अर्थ आहे. यंत्राच्या लेखी मात्र अर्थ होता ‘सगळं त्या दिवशीसारखं कर’. पेन ड्राइव्हवरचं जुनं घर आणून आजच्या घरावर ठेवायचं. मधल्या महिन्यांचं काय होईल, हे पेटीने ‘ओव्हरराइट’ या एका शब्दात सांगून टाकलं होतं. तो शब्द पामच्या त्या गृहस्थांना माहीत असायचं काही कारण नव्हतं.

आता माझी तीन वाक्यं पाहा. पहिलं पाटीकडे बोट दाखवतं. ‘पूर्ण झालेली आहे’ असा प्रयोग आहे, म्हणजे कोणी काही केलंच नाही, प्रक्रिया आपली आपण झाली. दुसरं वाक्य नियम सांगतं. ते खरं आहे, पण ज्याचा डेटा आत्ताच गेला त्याला त्या क्षणी त्याचा काडीचा उपयोग नाही. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण निदान आपला झोपा बांधणाऱ्याला हसते. मी तर बैल गेलेल्या माणसाला झोपा कसा बांधावा हे शिकवत होते. तिसरं वाक्य बोईसर स्टेशनवर रोज ऐकू येतं, गाडी उशिरा आली की. गैरसोय. गाडी चाळीस मिनिटं उशिरा येते ती गैरसोय. साठ माणसांची चार महिन्यांची हजेरी जाते त्याला मराठीत ‘नुकसान’ असा शब्द आहे. तो मी वापरला नव्हता, कारण नुकसान म्हटलं की भरपाईचा प्रश्न येतो. ‘पगार’ हा शब्द तर तिन्ही वाक्यांत कुठेच नव्हता.

आणि या सगळ्याहून मोठी चूक वेगळीच होती. मी जे लिहायला हवं होतं ते लिहिलंच नाही: हा कॉम्प्युटर आत्ता बंद करा, त्यावर काहीही नवं करू नका. साध्या हार्ड डिस्कवर फाईल पुसली म्हणजे बहुतेक वेळा तिची जागा फक्त मोकळी जाहीर होते. तिथे नवं काही लिहिलं जाईपर्यंत जुनं सापडण्याची आशा असते. सॉलिड स्टेट ड्राइव्हवर ती आशा फार कमी, पण तरी पहिली सूचना तीच. माझं उत्तर येईपर्यंत आणि आल्यावरही ते गृहस्थ त्याच मशीनवर नव्याने नोंदी घालत बसले होते. एकेका नोंदीबरोबर जुन्या नोंदी परत मिळण्याची शक्यता घटत होती आणि मी त्यांना जबाबदारी समजावून सांगत होते.

शेवटी कागदाने वाचवलं. गेटवरची मस्टर बुकं शाबूत होती. त्यांची मुलगी आणि पुतण्या तीन रात्री बसले. काही आठवड्यांच्या ओव्हरटाइमच्या चिठ्ठ्या मात्र मिळाल्या नाहीत. तिथे कामगारांनी सांगितला तो आकडा धरला. मला नंतर कळलं की एकानेही तो फुगवून सांगितला नव्हता.

*

पामच्या आसपास राहणाऱ्या माणसाला पाटीची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांत भिंतीभिंतींवर सुरक्षेच्या पाट्या आहेत. तिथला कोणताही अनुभवी सुपरवायझर सांगेल की त्यांवर विसंबून चालत नाही. औद्योगिक सुरक्षेत उपायांची एक उतरंड शिकवतात. सगळ्यात वर: धोका मुळातूनच काढून टाका. ते जमत नसेल तर कमी धोक्याचं काही वापरा. तेही नाही तर यंत्रातच अडसर बसवा. त्यानंतर नियम, प्रशिक्षण आणि पाट्या. सगळ्यात खाली हेल्मेट, हातमोजे, मास्क. म्हणजे पाटीचा नंबर खालून दुसरा.

प्रेस मशीनचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. ‘हात आत घालू नये’ अशी पाटी लावता येते. किंवा दोन बटणं लांब लांब बसवून दोन्ही तळव्यांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येणारच नाही अशी रचना करता येते. दुसऱ्या रचनेत कामगार दमलेला असो, झोपाळलेला असो, त्याला वाचता येत नसो, हात आत राहूच शकत नाही. अपघातानंतरच्या चौकशीत ‘मानवी चूक’ असं लिहून फाईल बंद करणं सोपं असतं. माणूस चुकणारच हे धरून यंत्र बांधायला खर्च येतो.

सॉफ्टवेअरच्या धंद्याला ही रचना माहीत नाही असं नाही. ॲपलच्या लिसा संगणकावर १९८३ साली कचऱ्याची टोपली होती. विंडोज ९५ ने रीसायकल बिन घरोघर नेला. जीमेलने २००९ साली पाठवलेला मेल काही सेकंदांत परत घेण्याची सोय प्रयोग म्हणून आणली आणि २०१५ मध्ये सगळ्यांसाठी नेहमीची केली. यांतलं कुठलंच ‘खात्री आहे का’ असं दहादा विचारत बसत नाही. माणूस चुकेल असं ते गृहीत धरतात आणि चूक निस्तरायला थोडा वेळ देतात. ज्या घरात टोपली आहे तिथे ‘डिस्कार्ड’चा अर्थ चुकला तरी तीन महिने जात नाहीत. टोपलीत हात घालून परत काढता येतं.

म्हणून त्या २०१७ च्या माणसाला मिळालेल्या उत्तरांकडे मी या उतरंडीवरून पाहते. त्याच्यावर हसणाऱ्यांनी पाटी वाचून दाखवली. काहींनी त्याला गिट कसं चालतं ते शिकवलं. माहिती अचूक होती, पण तोवर शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं. साधन बनवणाऱ्यांचं उत्तर पाहायचं तर पुढच्या आवृत्त्यांत पाहावं लागतं. इशाऱ्याचं वाक्य बदललं. ज्या फायलींची वहीत नोंद नाही त्यांच्यासाठी ‘बदल’ हा शब्द जाऊन तिथे फाईल पुसली जाईल, कायमची जाईल असं स्वच्छ लिहिलेलं आलं. नोंद असलेल्या आणि नसलेल्या फायली एकत्र असतील तर नसलेल्या किती आहेत आणि त्या डिस्कवरून पुसल्या जातील हे सांगणं आलं, आणि दोन्हींसाठी वेगळी बटणं. पुढे अशा फायली वेगळ्या गटात दाखवण्याची सोय झाली. आणि बऱ्याच वर्षांनी, टाकून दिलेल्या नोंद नसलेल्या फायली थेट न पुसता कचरापेटीत पाठवण्याची सोय आली.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी पाटी सुधारली, मग खूप उशिराने अडसर बसला. त्या माणसाला याचा काही फायदा नाही, त्याचे तीन महिने गेले ते गेलेच. पण त्याच्या तक्रारीला मिळालेलं सगळ्यात चांगलं उत्तर पत्रात लिहिलेलं नव्हतं. ते बटणाच्या मागे लिहिलं गेलं.

*

तरीही पत्र लिहावं लागतंच. समोर माणूस असतो आणि पुढची आवृत्ती येईपर्यंत त्याला थांबता येत नाही. त्या पत्राचा एक बरा नमुना मायक्रोसॉफ्टच्याच दुसऱ्या प्रकरणात आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चा १८०९ क्रमांकाचा अपडेट आला आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फायली नाहीशा झाल्या. इथे चूक सरळ कंपनीची होती. काही दिवसांतच अपडेट थांबवला गेला. ज्यांच्या फायली गेल्या त्यांना पहिली सूचना दिली गेली की तो संगणक शक्य तितका कमी वापरा आणि आमच्याशी संपर्क साधा. फायली मिळवायला मदत देऊ केली गेली. कारण काय होतं तेही प्रसिद्ध केलं. नोव्हेंबरमध्ये दुरुस्त अपडेट पुन्हा सुरू झाला. हा अपडेट सगळ्यांसाठी येण्याआधी चाचणी घेणाऱ्या काहींनी अशी तक्रार केली होती आणि ती ढिगात राहून गेली, हेही उघड झालं. म्हणजे सौम्य शब्दांतल्या तक्रारी वाचल्याच गेल्या नव्हत्या. ‘जरा नीट भाषेत सांगितलं असतं तर ऐकलं असतं’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पण एक गोष्ट त्या पत्रातून शिकण्यासारखी आहे ती म्हणजे क्रम. आधी आणखी नुकसान थांबवा. मग परत काय मिळवता येईल ते पाहा आणि मिळणार नसेल तर तसं सरळ सांगा. मग काय घडलं ते समोरच्याच्या भाषेत सांगा. मग आपण काय बदलणार ते. बॅकअपचा उपदेश द्यायचाच असेल तर तो काही दिवसांनी, वेगळ्या पत्रात. माझ्या मसुद्यात हा क्रम बरोबर उलटा होता.

यावर एक रास्त आक्षेप आहे. शिव्या देणाऱ्याला इतकं समजून का घ्यायचं? २०१७ मध्ये ती तक्रार वाचणारे पगारी नोकर होते, त्या माणसाचे वैरी नव्हते. साधन फुकट होतं. तीन महिन्यांच्या कामाची दुसरी प्रत नसणं ही त्याचीच हयगय होती. आणि शिव्या ऐकणाऱ्याच्या बाजूलाही माणूसच असतो. मी त्या खुर्चीत बसते, मला हे कोणी सांगायला नको. शिवीला उत्तर देण्याची सक्ती कोणावरच नसावी, फोन ठेवून द्यायचा अधिकार असावा.

पण शिवी आणि तक्रार या दोन गोष्टी आहेत, एका श्वासात आल्या तरी. उत्तर देणाऱ्याचं कसब त्या वेगळ्या करण्यात आहे. शिवी बाजूला काढली की पामच्या गृहस्थांकडे उरतं ‘परत आण म्हटलं होतं, पूस म्हटलं नव्हतं’. २०१७ च्या त्या माणसाकडे उरतं, ‘बदल नकोत म्हटलं, फायली नकोत म्हटलं नव्हतं’. दोघांनीही चिडून का होईना, बटणावरचा शब्द कुठे फसतो हे अचूक दाखवलं. बटण लिहिणाऱ्याला ते कधीच दिसलं नसतं, कारण त्याला त्या शब्दाचा आतला अर्थ आधीपासून माहीत असतो. शब्द बाहेरून कसा ऐकू येतो हे फक्त बाहेरचा माणूस सांगू शकतो, आणि तो बहुधा नुकसान झाल्यावरच सांगायला येतो. शांतपणे सांगायला त्याच्याकडे वेळ नसतो.

मी त्या फेब्रुवारीत वर एक विनंती पाठवली: रिस्टोअर करण्याआधी सॉफ्टवेअरने आहे त्या डेटाची एक प्रत आपणहून काढून ठेवावी. दोन आवृत्त्यांनंतर ती सोय आली. आता कोणी चुकून जुना बॅकअप चढवला तर आम्ही फोनवर पाच मिनिटांत तो उतरवतो. पेटीतलं वाक्य मात्र अजून तेच आहे, इंग्रजीत, ‘ओव्हरराइट’सकट. त्याबद्दल दर वर्षी लिहिते.

मसुद्यातली तीन वाक्यं मी माझ्यापुरती काढून टाकली आहेत. त्यांच्या जागी पहिली ओळ अशी आहे: ‘मशीन बंद करा आणि मला फोन करा.’ नव्या मुलांना सपोर्टला बसवताना हीच ओळ आधी शिकवते. ती मुलं विचारतात, आणि चूक कस्टमरची असेल तर? मी सांगते, ते नंतर बघू. आज किती तारीख आहे ते आधी बघ, पगार व्हायचाय का ते विचार.